नाण्यापेक्षा कडी बघा

प्रश्न : काबूलच्या बाजारातून हार घेतला. नाणी, लाल-निळी काच, घुंगरं. दुकानदार म्हणाला, दोनशे वर्षांचं तुर्कमेन काम. खरं असेल?

उत्तर : फोटो पाहिले. तुर्कमेन नाही वाटत. मध्य आशियातल्या या जमातीचा भर चांदीवर सोन्याचा मुलामा आणि लालसर अकीक यांवर. काच-घुंगरांची हौस अफगाणिस्तानातल्या कुची भटक्यांची. वयाचं म्हणाल, तर एका नाण्यावर चक्क पंचम जॉर्ज आहे! तो गादीवर आला १९१० साली, म्हणजे दोनशे वर्षं निकालात. नाणं जुनं, हार नवा, हेही सर्रास चालतं. म्हणून भिंगातून कड्या बघा. आतली बाजू घासून पातळ झाली असेल, तर हार अंगावर वागवलेला. एक कडी झिजलेली नि शेजारची करकरीत असेल, तर मोडीतून जुळवलेला किंवा निदान दुरुस्त केलेला. तोवर कृपा करून पॉलिश नको.