गाण्याचे पैसे कुणाला पोचतात?

निपाणीहून एक निवृत्त प्राध्यापक लिहितात : माझा मुलगा बंगळूरला नोकरीला आहे. तो म्हणतो, नेटवरून गाणं उतरवून घेतलं तर कुणाचं काय जातं? मूळ गाणं जागेवरच राहतं. अमेरिकेत गाण्यांच्या कंपन्यांनी लोकांवर एवढे खटले भरले, त्यातून तरी काय साधलं? आमच्या पिढीनं पैसे मोजून कॅसेटी घेतल्या, ते आम्ही वेडे म्हणून का?

वेडे कसे असाल, सर? तुम्ही रोख मोजलेत म्हणून पुढची गाणी रेकॉर्ड झाली. पण चिरंजीवांचं म्हणणंही झटकून टाकण्यासारखं नाही. मूळ गाणं जागेवर राहतं, हे खरंच आहे. जातो तो पुढच्या रेकॉर्डिंगला लागणारा पैसा, आणि तो जाताना कुणाला दिसत नाही.

कायद्याचं आधी सांगतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. स्वतःच्या खासगी वापरापुरती रास्त मुभा त्यात आहे, पण प्रती काढून गावभर वाटायला ती लागू होत नाही. जाणूनबुजून हक्कभंग केला तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं.

आता अमेरिकेचं. एकमेकांच्या संगणकावरची गाणी नेटवरून फुकट उतरवून घ्यायची सोय असलेलं नॅपस्टर १९९९ साली निघालं. त्याच वर्षाच्या शेवटी कंपन्यांनी त्याला कोर्टात खेचलं आणि २००१ च्या जुलैत ते बंद पडलं. लोक थांबले नाहीत, दुसऱ्या ठिकाणांहून गाणी घेऊ लागले. मग सप्टेंबर २००३ पासून कंपन्यांच्या संघटनेनं थेट ऐकणाऱ्यांवर दावे लावले. पहिल्याच खेपेला २६१ जण, आणि त्यात न्यूयॉर्कची एक बारा वर्षांची मुलगी. तिच्या आईनं दोन हजार डॉलर भरून प्रकरण मिटवलं. मिनेसोटातल्या एका बाईंवर २४ गाण्यांपायी २ लाख २२ हजार डॉलरचा बोजा बसला. असे तीस हजारांहून जास्त दावे लावल्यावर २००८ च्या डिसेंबरात संघटनेनं स्वतःच हा मार्ग सोडला. ज्यांनी गाणी विकत घ्यावीत त्यांच्याच दारात वकील पाठवला, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

सवय बदलली ती दुसऱ्याच गोष्टीनं. एप्रिल २००३ मध्ये अ‍ॅपलनं सुटं गाणं ९९ सेंटला विकायला काढलं आणि पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी खपली. फुकटचं शेजारीच मिळत होतं, तरी लोकांनी पैसे दिले. कारण हवं ते एकच गाणं, हवं तेव्हा, रास्त दरात मिळालं.

हे मला नवं वाटलं नाही. बेळगावात कॅसेटींच्या दुकानात मी बरीच वर्षं गल्ल्यावर बसलोय. एका बाजूला नाट्यगीतं आणि भावगीतं, शेजारी बसवण्णांसारख्या संतांची कन्नड वचनं, आणि मार्गशीर्षी पौर्णिमा जवळ आली की पुढच्या फळीवर यल्लम्माची गाणी, दोन्ही भाषांतली. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "मामा, यल्लम्माची नवी आलीया काय?" पण सिनेमाची कॅसेट घेणारा बहुतेक वेळा दोन गाण्यांसाठी अख्खी कॅसेट घ्यायचा. बाकीची सहा त्याला नको असायची. म्हणून तर कागदावर बारा-पंधरा गाणी लिहून आणून "साठ मिनिटांची कोरी कॅसेट भरून द्या, नाहीतर नव्वदची" म्हणणारे गावोगाव होते, आणि भरून देणारी दुकानंही होती. पुढं रिचार्जच्या टपरीवर मोबाइलचं मेमरी कार्ड भरून मिळू लागलं, ती त्याच सवयीची पुढची पायरी.

मात्र त्याच काळात एक गोष्ट मी रोज बघितली. शंभराची सीडी महाग म्हणून परत ठेवणारी कॉलेजची पोरं कॉलर ट्यूनला महिन्याला तीस रुपये बिनतक्रार भरायची. तेही गाणं स्वतःला ऐकू येत नव्हतं, फोन करणाऱ्याला ऐकू यायचं! त्यामुळं "आपल्या लोकांना फुकटच पाहिजे" असं कुणी म्हटलं की मी मान्य करत नाही. विकण्याची रीत लोकांच्या सोयीची असली तर माणूस खिशात हात घालतो.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, २०१९ मध्ये नेटवरून गाणी ऐकवणारं स्पॉटिफायही आपल्याकडं आलं, आणि चोरून उतरवायची गरजच बरीच कमी झाली. पण चिरंजीवांना एवढं जरूर सांगा : महिन्याचे पैसे भरून ऐकतो ते भाड्याचं आहे. कंपन्यांचा आपसातला करार मोडला की आवडीचं गाणं एका रात्रीत यादीतून जातं आणि आपण काही करू शकत नाही. तुमच्या कपाटातली कॅसेट कुणी येऊन नेत नाही. जे गाणं आयुष्यभर हवंय ते विकत घ्यावं, असं मी माझ्या मुलांनाही सांगतो.

खानापूर तालुक्यातलं एक भजनी मंडळ विचारतं : आम्ही वर्गणी काढून अभंगांची सीडी केली. यात्रेत थोड्या खपल्या, बाकी खोक्यात पडून आहेत. सगळे म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा की. पाठवलं तर विकत कोण घेणार, आणि न पाठवलं तर ऐकणार कोण? शिवाय एक कंपनी सगळे हक्क मागते आहे. द्यावेत का?

माउली, तुमचा प्रश्न वाचून जीव कळवळला. मोठ्या कंपन्यांच्या भांडणात तुमच्यासारख्यांचं नाव कधीच येत नाही, आणि झळ मात्र सगळ्यात जास्त तुम्हालाच बसते.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो तातडीचा आहे. सही करू नका. निदान आत्ता करू नका. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण तुमच्यातल्या ज्यानं नवी चाल बांधली त्याचा त्या चालीवर हक्क आहे, आणि रेकॉर्डिंगचा खर्च मंडळानं केला म्हणून रेकॉर्डिंग मंडळाचं आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही कलाकार म्हणून वेगळे हक्क आहेत. यासाठी नोंदणी सक्तीची नाही, पण चाल कुणाची, गायलं कुणी, पखवाज कुणाचा, खर्च कुणी केला आणि तारीख, एवढं एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढची निम्मी भांडणं तिथंच मिटतात. यल्लम्माची गाणी म्हणणाऱ्या एका बाईंनी एकदाच ठोक रक्कम घेऊन कायमचं लिहून दिलं होतं. त्यांची कॅसेट सौंदत्तीच्या डोंगरावर जत्रेमागून जत्रा वाजत राहिली, आमच्या दुकानातूनही गठ्ठ्यांनी गेली, आणि त्यांना पुढं एक पै मिळाली नाही. कंपनीला द्यायचंच असेल तर ठराविक वर्षांसाठी द्या आणि विक्रीतला वाटा लिहून घ्या. सही करण्याआधी खानापुरातल्याच एखाद्या वकिलाला कागद दाखवा.

आता सीडीचं. सीडी खपत नाही यात तुमच्या गाण्याचा काही दोष नाही. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागा नसते, नव्या गाड्यांत पेन ड्राइव्ह चालतो, घरातला प्लेअर बिघडला तर दुरुस्त करणारा मिळत नाही. माणसाला घ्यायची इच्छा असली तरी घरी नेऊन लावणार कशावर? म्हणून तेच अभंग पेन ड्राइव्हवर भरून सप्ताहात विका, सोबत अभंगांची छापील पुस्तिका द्या. म्हाताऱ्या माणसांना पुस्तिका हवी असते आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवरून हातात येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपला भिऊ नका. आज ना उद्या कुणीतरी पाठवणारच, मग तुम्हीच पाठवा, पण दोनच अभंग, आणि सुरुवातीला मंडळाचं नाव, गाव आणि फोन नंबर बोलून टाका. सगळे अभंग यूट्यूबवर मंडळाच्या स्वतःच्या नावानं चढवा, दुसऱ्याच्या चॅनेलवर नको. ऐकण्यामागं तिथं मिळतं ते फार थोडं, त्यावर हिशेब मांडू नका. भजनी मंडळाची खरी कमाई कार्यक्रमाची बिदागी. चंदगडच्या किंवा गडहिंग्लजच्या माणसानं अभंग ऐकून सप्ताहाला बोलावलं, तर एका रात्रीत पेटीभर सीडींचे पैसे निघतात.

आणि चाल बांधणाऱ्यानं आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हावं. गाणं वाजवल्याचे पैसे गोळा करून गीतकार-संगीतकारांना पोचवणारी ही संस्था. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा मानधनातला वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही. तो हक्क आपल्याकडं मोठ्या लढ्यानं आलाय. खेड्यातल्या चालकारानं तो का सोडावा?

शहापूरहून एक आजी : यजमानांच्या पेटीभर कॅसेटी आहेत. नात म्हणते मोबाइलमध्ये घालून देते. चालेल का?

जरूर घाला, आजी. स्वतःच्या कॅसेटी स्वतःला ऐकायला उतरवून घेण्यात काही वावगं नाही. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं असतो, तेवढं ध्यानात ठेवून नातीला नेटवर मात्र चढवू देऊ नका.

आधी प्रत्येक कॅसेटीची फीत उजेडात बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती लावू नका, टेपच्या हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटी खराब होतील. ती जाणकाराकडून साफ करून घ्या. चांगल्या असतील त्या एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा, मग रेकॉर्ड करा. डबीतला कागद टाकू नका. तबला कुणाचा, पेटी कुणाची, हे बहुतेक वेळा त्या कागदावरच असतं, मोबाइलच्या यादीत नसतं. नातीला त्याचा फोटो काढून गाण्यासोबत ठेवायला सांगा. आणि त्यात आपल्या भागातल्या एखाद्या गायकाच्या घरगुती बैठकीचं रेकॉर्डिंग निघालं, तर एक प्रत त्यांच्या घरच्यांना पोचती करा. त्यांच्याकडं ते नसण्याचीच शक्यता जास्त.