लपवलेले जहाज की चकवणारे जहाज?

पहिल्या महायुद्धातील काळ्या-पांढऱ्या-निळ्या तिरप्या पट्ट्यांच्या एका जहाजाच्या छायाचित्राखाली ‘छद्मावरणाने लपवलेले जहाज’ अशी ओळ वाचून एका वाचकाने विचारले आहे की, ‘डॅझल कॅमोफ्लाज’साठी, म्हणजे जहाज अशा पट्ट्यांनी रंगवण्याच्या पद्धतीसाठी, ‘छद्मावरण’ हा शब्द योग्य आहे का.

‘छद्मावरण’ येथे योग्य नाही, आणि ‘लपवलेले’ ही तर वारंवार वाचावी लागणारी ढोबळ चूक आहे. १९१७च्या फेब्रुवारीत जर्मनीने पाणबुड्यांचे अनिर्बंध युद्ध पुकारले, तेव्हा ब्रिटिश नौदलात असलेले सागरचित्रकार नॉर्मन विल्किन्सन यांनी ओळखले की, धूर सोडत जाणारे जहाज बदलत्या आकाशापुढे लपवता येणार नाही. मात्र ते कोणत्या दिशेने चालले आहे, याविषयी शत्रूची फसगत करता येईल. बारा नॉट वेगाचे जहाज एका मिनिटात सुमारे ३७० मीटर पुढे जाते, त्यामुळे टॉर्पेडो जहाजावर नव्हे, तर ते पुढे जिथे असेल त्या जागेवर सोडावा लागतो, आणि त्यासाठीचा दिशेचा अंदाज पाणबुडीच्या कप्तानाला पेरिस्कोपमधून काही क्षणांतच बांधावा लागतो. तिरप्या पट्ट्यांनी नाळ (जहाजाचे पुढचे टोक) कुठे आणि वरामा (मागचे टोक) कुठे हेच कळेनासे होई. लंडनच्या रॉयल अकादमीत रंगवलेल्या छोट्या प्रतिकृती फिरत्या पाटावर ठेवून, पेरिस्कोपमधून पाहणाऱ्याचा अंदाज किती चुकतो, हे तपासले जाई.

आता शब्दाकडे येऊ. ‘छद्म’ हा शब्द ‘छद्’ म्हणजे झाकणे या धातूपासून आला. ‘छत्र’ आणि ‘आच्छादन’ त्याचेच सगोत्र. म्हणजे ‘छद्मावरण’ हे मुळात झाकणावरचे झाकण झाले. ‘छद्म’ला कपटाचाही अर्थ आहे हे मान्य, तरीही ‘आवरण’ शब्द मनाला पुन्हा लपवण्याकडेच नेतो.

आपल्याकडे नेमका शब्द तयार आहे, तो म्हणजे ‘चकवा’. कोकणात रात्री रानातून जाणाऱ्याला चकवा लागतो, तेव्हा त्याच्यापासून काहीही लपवलेले नसते. झाडे, वाट, ओढा सारे समोर असते, पण दिशा फिरते आणि माणूस त्याच जागी घुटमळत राहतो. विल्किन्सन यांना पाणबुडीच्या कप्तानाला हेच लावायचे होते. ‘चकवणे’ हे ‘चुकवणे’चेच रूपांतर आहे असे सांगणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. कर चुकवतात, कर कोणी चकवत नाही. चेंडू फलंदाजाला चकवतो, चुकवत नाही. चुकवणारा स्वतः निसटतो, तर चकवणारा समोरच्याची नजर फिरवतो. म्हणूनच माझ्या मते ‘चकवा’चे नाते ‘चकणा’शी जोडायला हवे: डोळा रोखलेला एकीकडे आणि नजर भलतीकडे. हा माझा तर्क आहे, पण ‘रंगचकवा’ हा प्रतिशब्द मी त्याच्याच आधारावर सुचवतो.

‘छद्मावरण’ त्याच्या जागी ठेवावे. १९४२ साली ‘अब्राहम क्राइन्सेन’ या डच सुरुंगशोधक जहाजावरील खलाशांनी ते झाडांच्या फांद्यांनी झाकून टाकले. दिवसा किनाऱ्यालगत बेटासारखे निश्चल उभे राहायचे आणि रात्रीच पुढे सरकायचे, असे करत ते जपान्यांच्या हाती न लागता जावाहून ऑस्ट्रेलियाला पोहोचले. ते खरोखर लपवलेले जहाज होते.