ती स्कूटरवर का बसत नाही

पत्र :
माझी मुलगी बारा वर्षांची, सातवीत आहे. तीन वर्षं आमच्या भागातल्या मंडळाकडून खो-खो खेळते. गेल्या वर्षी चार चांगल्या मुली संघ सोडून गेल्या, त्यांच्या जागी अगदी लहान मुली आल्यात. यंदा सहाच्या सहा सामने हरलो, त्यातले दोन तर डावाने. माझी मुलगी उत्तम पळते. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हापासून मी हे मनावर घेतलंय. घड्याळ लावून तिच्या पळतीची वेळ, म्हणजे बाद न होता ती किती टिकते ते, वहीत लिहिते. सव्वादोन मिनिटांवरून ती सव्वा मिनिटावर आली आहे. गावाच्या दुसऱ्या टोकाचा एक जिंकणारा संघ तिला घ्यायला तयार आहे. ती मात्र काहीच बोलत नाही. हल्ली सामन्यानंतर मी स्कूटर घेऊन थांबलेली असते, तरी ही सगळ्यांबरोबर टेम्पोतून येते, धुळीने माखून, गाणी म्हणत. हरल्याचं हिला काही वाटतच नाही का? संघ बदलावा का?
– एक आई, सांगली

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा टेम्पोपाशी अडले.

मुलगी काहीच बोलत नाही, असं तुम्ही लिहिता आणि पुढच्याच ओळीत ती काय म्हणाली तेही लिहून जाता. बारा वर्षांची पोर आईला तोंडावर ‘मला तुझ्याबरोबर यायचं नाही’ असं कसं सांगेल? ती टेम्पोत चढते. तिला संघ सोडायचा नाहीये, ताई. तिला तुमची स्कूटर सोडायची आहे.

स्कूटरवर काय होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण ती वही स्कूटरच्या डिकीत असणार, आणि घर येईपर्यंत तिच्यातले आकडे मुलीला ऐकावे लागत असणार. दुसऱ्या खांबाला आत का वळलीस, शेवटी दमलीस कशी, मागच्या वेळी तर एवढं पळाली होतीस. माझा अंदाज चुकला असेल तर मला आनंदच होईल.

आता त्या आकड्यांबद्दल. मी शाळेच्या खो-खो संघात पळणाऱ्यांच्या तिसऱ्या तुकडीत असायचे, म्हणून हे ठामपणे सांगते. पळती तिघींची असते. बरोबरच्या दोघी वीस-पंचवीस सेकंदांत बाद झाल्या की समोरच्या नऊच्या नऊ जणी उरलेल्या एकटीच्या मागे लागतात. ज्या चार मुली गेल्या त्यांच्याबरोबर पळताना तुमच्या लेकीला मध्ये मध्ये श्वास घ्यायला मिळत होता, आता मिळत नाही. अशा वेळी काढलेलं सव्वा मिनिट मला त्या सव्वादोनपेक्षा मोठं वाटतं. वहीत हे दिसत नाही, कारण बाकीच्या दोघी कधी बाद झाल्या ते तुम्ही लिहीतच नाही.

आणि आक्रमणाचं तर त्या वहीत एक पानही नसावं. आठ जणी चौकोनात बसलेल्या, एकीआड एक उलट तोंडाने, आणि नववी मारायला निघालेली. मागून ‘खो’ कानावर पडला की त्या क्षणी उठायचं. आधी उठायचं नाही, दोन खांबांमधली मध्यपाटी ओलांडायची नाही, एकदा धरलेली दिशा मोडायची नाही. नव्या पोरींच्या अंगात हे भिनायला अख्खा हंगाम जातो, आणि तोवर फाऊल होत राहतात, समोरचे गडी सुटत राहतात. या हंगामात त्या चिमुरड्यांच्या शेजारच्या चौकोनात कोण बसलं होतं? हरल्यावर टेम्पोत त्यांच्याबरोबर गाणी कोण म्हणतंय? तुम्ही विचारता, हिला काही वाटत नाही का. मला वाटतं, तिला पुष्कळ वाटतं, आणि त्यातून बाहेर कसं यायचं हे तिला तुमच्यापेक्षा लवकर कळलंय.

दिल्लीचा तो अंतिम सामना मीही पाहिला. नेपाळविरुद्ध 78-40, आणि कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. खो-खोला असं भरलेलं मैदान मिळालेलं बघून माझेही डोळे भरून आले होते. पण ‘मी मनावर घेतलंय’ हे शब्द तुमचे आहेत. मुलीने मनावर घेतलंय का, हे पत्रात कुठेच नाही. उद्या तिने घेतलंच, तर जिल्ह्याच्या संघात निवड खेळाडूची होते, तिच्या मंडळाची नाही. पराभूत मंडळातली चांगली पळणारी मुलगी निवड चाचणीत लपून राहत नाही.

शिकवणारे शिव्या घालत असते, मुलींशी वावगं वागत असते, सुजलेल्या पायाने खेळवत असते, तर ‘आजच काढून घ्या’ असं मी लिहिलं असतं. तुमच्या पत्रात तसं काहीच नाही. सहा पराभव आहेत आणि तुमची कासाविशी आहे.

तेव्हा संघ बदलू नका. त्या दुसऱ्या संघाला आज संध्याकाळीच नाही म्हणून कळवा. मुलीला पुन्हा विचारत बसू नका. तिने उत्तर दिलंय, आता ते आईच्या डोळ्यांत बघून द्यायला लावू नका.

आणि पुढच्या सामन्याला स्कूटर नेऊच नका. रिक्षाने जा. घड्याळ आणि वही घरी ठेवा, हात मोकळे असू देत, टाळ्या वाजवायला लागतील. तिच्या एकटीसाठी नाही, त्या नव्या पोरीने पहिल्यांदा वेळेवर खो दिला की तिच्यासाठीही. निघताना टेम्पोत दोन डझन केळी आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा ठेवा, आणि तुम्ही वेगळ्या घरी या. पाणी तापवून ठेवा. ती आली की किती पळालीस हे विचारू नका. जेवून झालं की फार तर एवढंच विचारा, आज टेम्पोत कोणकोणती गाणी म्हटलीत.