समारंभाला सायकलने जायचं, पण घामाघूम न होता कसं पोहोचायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की समारंभ आठ किलोमीटरवर आहे, सायकलनेच जायचंय, पण निथळत्या अंगाने आणि चुरगळलेल्या कपड्यांत चारचौघांत मिरवायचं नाही. मी अशा ठिकाणी बरीच वर्षं सायकलने जातेय. सुरुवातीला सगळ्यात मोठी चूक मी एकच करायचे, ती म्हणजे पोहोचल्या पोहोचल्या कपडे बदलणं.

पहिल्या वेळी वाटेत अंग बऱ्यापैकी कोरडं वाटत होतं. सायकल लावली, तडक बाथरूममध्ये शिरले, इस्त्रीचा फिकट राखाडी शर्ट चढवला आणि ऐटीत बाहेर आले. पाच मिनिटांत पाठीवर हा एवढा ओला डाग. "पाऊस लागला का गं वाटेत?" यजमानीणबाईंनी विचारलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

होतं काय, सायकल चालवताना घाम येतच असतो, पण समोरचा वारा तो वाळवत राहतो. आपण थांबलो की वारा थांबतो. शरीर मात्र आतून तापलेलंच असतं, ते आणखी दहा-पंधरा मिनिटं घाम गाळत राहतं. म्हणजे खरी पंचाईत पोहोचल्यानंतरची. म्हणून वीस मिनिटं आधी पोहोचा. सावलीत, जमलं तर पंख्याखाली, प्रवासातल्याच टी-शर्टवर उभे राहा. तोंड, मान, मनगटं गार पाण्याने धुवा, ओल्या नॅपकिनने पाठ-काखा पुसा, मग कोरड्याने टिपा. चांगला शर्ट अगदी शेवटी. ही वीस मिनिटं जिवावर येतात, मला अजूनही येतात, पण त्यांना पर्याय नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. पायडल मारताना आपण खर्च करतो त्या ऊर्जेतली साधारण पाव सायकलला मिळते, उरलेली उष्णता होऊन अंगातच राहते. शिवाय हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी २० ऐवजी १५ किलोमीटरने गेलात तर ती निम्म्याहूनही कमी लागते. तुमच्या आठ किलोमीटरला त्यामुळे आठच मिनिटं जास्त जातील. चढावर हलका गिअर टाका, कुणी मागून पुढे गेलं तर जाऊ द्या (हे मला सगळ्यात अवघड जातं), आणि शेवटचा किलोमीटर तर रमतगमतच काढा.

पाठीवर सॅक नको. तिच्याखाली वारा पोहोचत नाही आणि नेमकी तेवढीच जागा भिजते. कॅरिअरला पिशवी लावा. शर्टाची घडी न घालता टॉवेलभोवती गुंडाळी केली तर सुरकुत्या कमी पडतात. बूट जड असल्याने तळाशी. रंग म्हणाल तर पांढरा, गडद निळा किंवा बारीक नक्षीचा. राखाडीचं काय होतं ते वर सांगितलंच.

वासाची धास्ती मात्र थोडी जास्तच घेतली जाते. ताज्या घामाला जवळपास वास नसतो, त्वचेवरचे जिवाणू तो तयार करतात. आंघोळ करून, धुतलेला टी-शर्ट घालून निघालात तर अर्धा-पाऊण तासात फार काही बिघडत नाही. पॉलिस्टर लवकर वाळतं पण वास धरून ठेवतं. काल घातलेला टी-शर्ट आज परत नको. घाम रोखणारा रोल-ऑन लावणार असाल तर आदल्या रात्री कोरड्या काखेत लावा, तेव्हा तो जास्त चांगला काम करतो. घामावर सेंट फवारणं हा प्रकार तर कृपा करून नकोच, दोन्ही वास मिळून तिसराच तयार होतो.

केस? हेल्मेट काढल्यावर बोटं ओली करून मुळांशी फिरवा, दोन मिनिटांत बसलेले केस सुटतात. उजव्या पायाची पँट घोट्याशी बांधून घ्या, नाहीतर साखळीचं काळं लागतं. हाताला लागलंच तर आधी कोरड्या हातावरच लिक्विड साबण चोळा आणि मग पाणी घ्या.

परतीच्या वेळी कसे दिसता हे बघायला कोणी नसतं. फक्त चांगला शर्ट काढून पुन्हा गुंडाळा, आणि रात्र होणार असेल तर दिवे घरूनच चार्ज करून न्या.