अरुंद पाटीवर मराठी नाव मोठं कसं बसवायचं?

तुमचा प्रश्न असा, की इतवारीतल्या दुकानाची पाटी सहा फूट रुंद, चार फूट उंच आहे. त्यावर ‘शुद्ध घरगुती मसाले’ लांबून दिसायला हवं, आणि फ्लेक्सवाला म्हणतो नेहमीचाच फॉन्ट दाबून बसवतो.

दाबू देऊ नका, भाऊ. मी नागपुरात पंधरा वर्षं पाट्यांचं डिझाइन करतोय. बर्डीच्या मेनरोडवर सगळ्यात जास्त हीच चूक दिसते. अक्षर आडवं दाबलं की काना-वेलांटीच्या उभ्या रेघा बारीक होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते. वर काळा पट्टा आणि खाली लोंबत्या काड्या! महालातले जुने पेंटर अक्षर चिंचोळं काढायचे तेव्हा ब्रश तोच असायचा, म्हणून जाडी बिघडत नसे. मुळातच चिंचोळ्या काढलेल्या फॉन्टमध्येही हेच सांभाळलेलं असतं. शिवाय गोलाई जरा चौकोनी केलेली असते, त्यामुळे अक्षराच्या पोटात जागा उरते.

त्या पोटातल्या जागेवरच सगळं अवलंबून आहे. इंग्रजीतला १९६५चा इम्पॅक्ट हा जाड, चिंचोळा फॉन्ट बघा, ‘ओ’चं पोट फटीएवढंच, तरी वाचता येतो, कारण अक्षरांच्या वर-खाली फारसं काही नसतं. आपल्याकडे वर मात्रा नि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. तुमच्याच पाटीतला ‘द्ध’ फार जाड केला तर त्याचा गोळा होतो. ‘ध’च्या डोक्यावरची फट बुजली तर तो ‘घ’ वाटतो.

मी तुमच्या जागी ‘खंड’ नावाचा चिंचोळा फॉन्ट घेईन. तो इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा आहे, अक्षरांची पोटं मोकळी आहेत. त्यांचाच ‘टेको’ हा फॉन्ट जास्त चौकोनी आहे. भाव, फोन नंबर असे आकडे त्यात झकास दिसतात, पण मसाल्याच्या दुकानाला मला तो जरा कोरडा वाटतो. दोन्ही गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, दोन्हींत जाडीचे पाच प्रकार आहेत. सगळ्यात जाड न घेता त्याच्या आधीचा सेमीबोल्ड घ्या. मजकूर तीन ओळींत लावा, चार फूट उंची त्यासाठीच वापरायची. ओळींत अंतर नीट ठेवा, नाहीतर ‘शु’चा उकार खालच्या ओळीच्या शिरोरेषेला टेकेल.

‘शुद्ध’चा श आणि ‘मसाले’चा ल मराठी वळणाचे आहेत ना, हे छापण्याआधी बघाच. राज्य सरकारच्या २००९च्या निर्णयात देठाचा श आणि पाकळीचा ल धरला आहे; बऱ्याच फॉन्टांत आधी हिंदी वळण येतं आणि मराठी वळण वेगळं निवडावं लागतं.

इंग्रजी नाव हवं असेल तर तेच चिंचोळं करून खाली घ्या. २०२२च्या कायदादुरुस्तीनुसार पाटीवर मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. फ्लेक्स काढण्याआधी कागदावर एक प्रिंट घ्या, दुकानावर चिकटवा आणि समोरच्या फुटपाथवरून वाचून बघा.