रॉटवायलर सोसायटीतून हलवावा लागेल का?

प्रश्न : आमच्याकडे तीन वर्षांचा रॉटवायलर आहे. ‘या जातीवर सरकारची बंदी आहे’ असे सांगून सोसायटीच्या सभेने महिन्याभरात तो हलवण्याचा ठराव केला. काय करावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : हलवू नका. सभेत दाखवले गेले ते बहुधा केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाचे १२ मार्च २०२४ चे पत्र असावे. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो अशा २३ जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा आणि आधीपासून पाळलेल्यांची नसबंदी करा, असे त्यात राज्यांना कळवले होते. घरातला कुत्रा बाहेर काढा, असे त्यातही नव्हते. शिवाय संबंधितांचे म्हणणे न ऐकताच ते काढले म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केले. यादीही ढिसाळच होती. ‘टेरियर’ एवढाच मोघम शब्द. मग चिमुकला यॉर्की (यॉर्कशायर टेरियर) सुद्धा त्यात बसतो!

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. जात किंवा आकार बघूनही नाही. हेच लिहून सचिवांना पत्र द्या, सोबत महापालिकेचा परवाना आणि रेबीज लशीचे प्रमाणपत्र जोडा, आणि पोच घ्यायला विसरू नका. मात्र पत्र देण्याआधी दोन्ही कागदांच्या तारखा बघा. मालकाची बाजू लंगडी पडते ती बहुतेकदा इथेच : परवान्याचे नूतनीकरण राहिलेले असते.

प्रश्न : लिफ्टमध्ये त्याला मुसके बांधायची सक्ती करता येते का?

उत्तर : त्याच सूचनांप्रमाणे नाही. तरी आमचे मत, अवजड कुत्र्याला गर्दीच्या वेळी मुसके बांधावे. बाजारात मिळणारी कापडी पट्टी नको. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो. तोंड आवळले की उन्हाळ्यात उष्माघात होऊ शकतो. जबडा उघडून पाणी पिता येईल असे जाळीचे मुसके घ्या. पहिल्याच दिवशी बांधून लिफ्टमध्ये नेलात तर तो पंजाने ओरबाडून काढेल. मुसक्यात खाऊ ठेवून त्याला स्वतःहून नाक घालू द्या, मुसक्याचा पट्टा काही दिवसांनी लावा. आपोआप लांबणारी दोरी लिफ्टमध्ये अजिबात नको. चार-पाच फुटांचा साधा पट्टा आखूड धरा.

प्रश्न : आणि चावलाच तर?

उत्तर : जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. कुत्र्याला लस दिलेली असली तरी माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. कायद्याचे म्हणाल तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ जात विचारत नाही. प्राणी सांभाळण्यात हयगय झाली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही; मग तो रॉटवायलर असो वा पॉमेरेनियन.