फ्रायबुर्गला निघण्याआधी वजनकाटा काढ

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीसाठी तू जर्मनीतल्या फ्रायबुर्गला निघालीस, फार बरं वाटलं. ते शहर ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, त्याच्याशी महाराष्ट्राची 2015 पासून भागीदारी आहे. तिथे सौरछपरं, ट्राम, सायकली दाखवतील, त्या बघच. पण शाश्वतता शिकायची असेल तर एकच विषय धर, घरातला कचरा, आणि त्याचा शेवटपर्यंत माग काढ.

सुरुवात आपल्या घरून कर. निघण्याआधी सलग 7 दिवस स्वयंपाकघरातल्या काट्यावर ओला, सुका आणि रद्दी-भंगार असं वेगवेगळं वजन घे. रद्दी हमखास विसरली जाते, कारण ती डब्यात पडतच नाही. वर्तमानपत्रं, बाटल्या, धुऊन ठेवलेल्या दुधाच्या पिशव्या भंगारवाल्याकडे जातात. त्या धरल्या नाहीत तर आपलं घर उगाच काटकसरी दिसेल. ओला कचरा रोज एकाच वेळी, पाणी निथळल्यावर तोल. सणाचा किंवा पाहुण्यांचा आठवडा नको. एका कलिंगडाच्या साली दिवसाचा आकडा पार बिघडवतात. शेवटी माणशी दररोज किती ग्रॅम, ते काढ. यजमानांची परवानगी घेऊन तिथेही हेच कर.

तिथली वाटणी बारकाईची आहे. दह्याचा कप वेष्टनांसाठीच्या पिवळ्या पिशवीत जातो. तो धुवायचा नसतो, चमच्याने निपटला की पुरे. पण ॲल्युमिनियमचं झाकण पूर्ण सोडवून टाकायचं. छाननी केंद्रात धातू आणि प्लास्टिक वेगवेगळी यंत्रं उचलतात. झाकण चिकटलेलं राहिलं तर कप चुकीच्या ढिगात जातो. कपात कप घालून ठेवले तरी तेच होतं. दुकानाची पावती कागदात टाकू नकोस. ती बहुधा उष्णतेने छापलेल्या कागदाची असते, म्हणून कुठल्याच प्रकारात न बसणाऱ्या, उरलेल्या कचऱ्यात जाते. काचेच्या बाटल्या पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या अशा वेगळ्या, निळी हिरव्यात. फुटलेला पाण्याचा पेला मात्र तिथे चालत नाही, कारण त्याची काच वेगळ्या तापमानाला वितळते.

हे सगळं लोक शिस्तीपोटी करतात, असं लिहून मोकळी होऊ नकोस. पैसा कुठून येतो ते विचार. उरलेल्या कचऱ्याच्या डब्याचं शुल्क घराला भरावं लागतं आणि डबा मोठा तसं ते सहसा वाढतं. पिवळ्या पिशवीचा खर्च उत्पादक उचलतात, म्हणजे तो मालाच्या किमतीतच असतो. ही व्यवस्था जर्मनीच्या 1991 च्या वेष्टन नियमातून उभी राहिली.

बाटलीचा प्रयोग जरूर कर. एकदाच वापरायच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, पुन्हा भरायच्या बाटलीवर बहुधा 8 किंवा 15. एकदा वापरायची बाटली दुकानातल्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रात घालण्याआधी चुरगाळू नकोस. यंत्र तिच्यावरचा बारकोड आणि अनामतीचं चिन्ह वाचतं. ते वाचता आलं नाही तर बाटली परत येते. फ्रान्सची सीमा जवळच आहे, पण तिकडे घेतलेल्या बाटलीवर जर्मन चिन्ह नसतं, म्हणून तिचे पैसे मिळत नाहीत. रस्त्यातल्या कचरापेटीशेजारी कुणी मुद्दाम ठेवलेल्या बाटल्या दिसतील. त्या गोळा करून चार पैसे मिळवणाऱ्यांसाठी असतात. त्यांच्याकडे नीट लक्ष दे. आपल्याकडच्या कचरावेचकांशी तुलना तिथून सुरू होते.

थंडीत गेलीस तर हीटरचं एक लक्षात ठेव. जर्मन घरातल्या ऊर्जेचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खोल्या गरम करण्यात जातो, त्यामुळे नुसती वीजबिलं शेजारी ठेवून काही कळणार नाही. हीटरच्या चकतीवर 3 म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त 28 अंशांपर्यंत झडप उघडी राहते. हवेसाठी खिडकी दिवसभर किलकिली ठेवू नकोस. भिंती गार पडतात आणि बुरशी धरते. हीटर बंद करून 5 ते 10 मिनिटं खिडकी सताड उघड.

फ्रायबुर्गमधल्या व्होबां (Vauban) वस्तीत नेतील. गाड्या वस्तीच्या कडेला बहुमजली वाहनतळात उभ्या असतात. त्या वस्तीच्या जागी पूर्वी फ्रेंच सैन्याची छावणी होती. 1992 मध्ये सैन्य गेलं आणि जमीन शहराने घेतली. जमीन हातात होती, म्हणूनच घरं बांधण्याआधी गाड्यांबद्दल अशा अटी घालता आल्या. आधीच दाटून बसलेल्या आपल्या पेठांना तोच नियम कसा लावणार, हा प्रश्न अहवालात असायलाच हवा. नुसतं ‘आपणही असं करूया’ लिहिणं मला पटणार नाही.

विमानाचा हिशेब टाळू नकोस. मुंबई ते फ्रँकफर्ट एका बाजूने सुमारे 6,500 किलोमीटर. गणकयंत्रं वेगवेगळे आकडे देतात, कारण काही फक्त इंधनाचा कार्बन धरतात, काही उंचावरच्या धूररेषांचा परिणामही जोडतात. कोणती पद्धत घेतलीस ते लिही. भारतात माणशी वर्षाला साधारण 2 टन कार्बन डायऑक्साइड पडतो, तो आकडा शेजारी ठेव.

मग त्यांची मुलं इकडे येतील. त्यांना फक्त किल्ले दाखवू नका. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. संस्थेला आधी पत्र द्या, वर्गीकरण कधी चालतं ते विचारून त्याच वेळी जा, आणि बायकांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका. प्रश्न तेच विचारा, जे तू फ्रायबुर्गला विचारशील: कोण वेगळं करतं, पैसे कोण देतं, आणि उरलेलं कुठे जातं.

तुझी वही परतल्यावर पाहीन. आकड्यांसोबत तारीख आणि घरातली माणसं लिहायला विसरू नकोस.